पादचारी: शून्य

“आमचा सिग्नल चोरून तुमी त्या टॉवरच्या गेटाला बांधलाय!” हौसाबाईने साहेबाच्या टेबलावर हात आपटला. चहाचा कप बशीत हलला. साहेब हलला नाही.

चोरीच होती ती. राई गावाच्या नाक्यावर सिग्नल हवा म्हणून हौसाबाई अकरा वर्षं रस्ते खात्याच्या या कार्यालयात अर्ज देत होती. अकरा वर्षं उत्तर एकच, निधी नाही. मग नाक्यापासून तीनशे मीटरवर टॉवर उगवला आणि त्याच्यामागोमाग निधीही उगवला. सरकारी पैशातून चौक रुंद होणार. सिग्नल, पांढरे पट्टे, दिवे, सगळं टॉवरच्या गेटासमोर. त्या टॉवरच्या खिडक्यांना अजून काचा नव्हत्या. आत राहायला आली होती ती फक्त कबुतरं.

आणि राईच्या बायका? त्या रोज सकाळी सातला माशांची पाटी डोक्यावर घेऊन तो रस्ता ओलांडतात. बाजार पलीकडे, शाळाही पलीकडेच. अंगात ताप असला तरी पाटी निघते. ती घरात राहते ती नारळी पुनवेला, नाहीतर गावात मयत झाली तर.

डिसेंबरात त्याच नाक्यावर, टॉवरची खडी घेऊन निघालेल्या डंपरने हौसाबाईची सून ममता नेली. ममताची पोर दिव्या, आठ वर्षांची. ती आता आजीचा हात धरून शाळेला जाते. मधल्या दुभाजकावर पोचली की डोळे घट्ट मिटून घेते. उघड म्हटलं तरी उघडत नाही. हौसाबाईला सिग्नल हवा होता तो या पोरीसाठी.

“मावशी, सिग्नल आपल्या सगळ्यांचाच ने?” बिल्डरचा माणूस परेश साहेबाच्या शेजारी पाय पसरून बसला होता. “तीनशे मीटर तर चालायचंय. उलटा हेल्थला चांगला.”

“तू घे वीस किलोची पाटी डोक्यावर नि चाल. मंग बघू तुजी हेल्थ.”

कागद वाचून दाखवायला सोबत आलेली शेजारची मनाली फस्सकन हसली. परेशने पाय आत घेतले.

“आजी, चिडून काय होणार?” साहेब समजुतीने म्हणाला. “हा काही माझ्या मर्जीचा मामला नाही. रीतसर मोजणी केलीय.” त्याने फाईल त्यांच्याकडे फिरवली.

मनाली वाचू लागली. “टॉवर गेट. अपेक्षित पादचारी, दोन हजार चारशे.”

“अपेक्षित म्हंजे?”

“जे पुढे राहायला येतील ते, आजी.”

“जे अजून आलंच न्हाय ते मोजलं? नि आमी?”

मनालीने बोट खाली नेलं. राई नाका. रिक्षांचा रकाना, दुचाकींचा रकाना, बसचा, ट्रकचा. प्रत्येकात आकडा होता. शेवटच्या रकान्यावर तिचं बोट थांबलं. तिने साहेबाकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं.

“पादचारी, शून्य.”

“शून्य?” हौसाबाई उभीच राहिली. “दोनशे बायका जातात सकाळच्याला! शाळेची पोरं येगळी! आमी काय उडून जातो काय रं?”

आता मात्र साहेब दुखावला. “हे बघा, खोटं काही लिहिलेलं नाही. माझा माणूस सात ते अकरा तिथे बसून होता. फोटोसुद्धा आहेत.” त्याने फाईलमधून फोटो काढून समोर टाकला.

नाका राईचाच होता. रस्ता मोकळा. फुटपाथवर माणूस नाही. नाक्यावरच्या बबनची चहाची टपरीही बंद. बबन राईचाच. तो टपरी कधी बंद ठेवत नाही.

हौसाबाईने फोटो डोळ्यांजवळ नेला. “कवा काढलाय ह्यो?”

“तुमच्या सुनेचा अपघात झाला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी.” साहेबाच्या आवाजात पहिल्यांदाच जरा उत्साह आला. “लोक म्हणतात खातं झोपलेलं असतं. मी रातोरात ऑर्डर काढून सकाळी सातला माणूस बसवला. सांगा, याहून तातडीने काय करायचं?”

बघता बघता हौसाबाईचा राग कुठे गेला कळलं नाही. मनालीने तोंडावर हात ठेवला.

“चला, म्हणजे विषय संपला,” परेश मोबाईल खिशात टाकत म्हणाला.

हौसाबाई खाली बसली. तिचा आवाज इतका हळू आला की साहेबाला पुढे वाकावं लागलं.

“रात्री इस्पितळातनं आणली तिला. सकाळच्याला आग दिली. गावातलं सगळं बापे खाडीवरच्या मसणात, सगळ्या बायका माज्या ओट्यावर. एका घरातनं पाटी निघाली न्हाय. एक पोर शाळेत गेलं न्हाय.”

तिने फोटो त्याच्या पुढ्यात सरकवला. रिकाम्या रस्त्याच्या मागे, खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीवर, एक करडी रेघ आभाळात चढत होती. तिच्यावर तिने नख टेकवलं.

“ह्यो धूर माज्या ममताचा हाय, साहेब. रिक्षाला रकाना हाय, बसला हाय. ही कंच्या रकान्यात लिवली? बोला.”