पुठ्ठ्याआडचा फासा

"राणी वाचली," तन्मय म्हणाला.

वेंकट आणि रंजनीनं टाळ्या पिटल्या. तिला मारायला निघाले होते ते हेच दोघं का, असं कुणालाही वाटलं असतं.

विद्युलताबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. राणी त्यांची होती.

नातवाच्या या खेळात पट होता, फासे होते, पण गप्पाच जास्त. तन्मय गोष्ट रचणार, त्याचे मित्र त्यातले वीर होणार आणि दुष्टाला मारणार. पहिल्यांदा त्यानं सात तोंडांचा राक्षस आणला. वेंकटनं तो चिप्स खात खात मारला. तेव्हा स्वयंपाकघरातून बाई ओरडत आल्या होत्या, "सात तोंडं कशाला रे? धड असलं तर एक पुरतं. आणि दुष्ट माणसाला आपण दुष्ट आहोत हे ठाऊक नसतं. तो सगळं तुमच्या भल्यासाठीच करत असतो. सरक तिकडं."

तेव्हापासून राखेच्या किल्ल्यातली राणी त्यांच्या तोंडून बोलायची. पटावर तिच्या जागी बाईंची वापरात नसलेली पितळी कुंकवाची डबी उभी असे. ही राणी कुणाला मारत नसे. दमून आलेल्याला पाटावर बसवून पोटभर वाढायची, आणि जेवलेला माणूस घरची वाट विसरायचा. रंजनीला मराठी येत नव्हती. पण बाई हळूच "अजून एक घे" म्हणाल्या की तिच्या अंगावर काटा यायचा. तरी ती घ्यायची.

आज शेवटचा रविवार. पेरुंगुडीचा फ्लॅट रिकामा झाला होता, खोकी बांधून भिंतीशी लावलेली. तन्मयची बदली पुण्याला. बाईंना न्यायला संध्याकाळी दिनकर, त्यांचा मुलगा आणि तन्मयचा बाप, शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या आवडीहून येणार होता. तिथल्या क्वार्टरमध्ये सून होती, चित्रा. चित्रा वाईट नव्हती. सासूला ती काडीचं काम करू द्यायची नाही, आणि कशातही विचारायची नाही. आवडीत बाईंना कुणी भीत नव्हतं.

"राणी पळाली, पाट्टी!" रंजनी तमिळमध्ये म्हणाली; आजीला ती आणि वेंकट पाट्टी म्हणत. एवढं तमिळ बाईंना कळत होतं. "आता फोनवर खेळू. तन्मय पुण्यातून, आम्ही इथून, तुम्ही आवडीतून. दर रविवारी."

क्षणभर बाईंना ते दिसलंही. डब्याला टेकवून ठेवलेला फोन, त्यात ही पोरं, आणि आपला आवाज ऐकून दारात थबकलेली चित्रा.

मग त्यांची नजर तन्मयच्या हातावर गेली. राणीच्या नशिबाचा वीस बाजूंचा फासा तोच टाकायचा, पुठ्ठ्याचा आडोसा करून. दहाच्या वर पडलं तर ती वाचणार, खाली पडलं तर मेली. टाकलेल्या फाशावर तो अजून तळहात ठेवून बसला होता.

"हात काढ."

"आजी, पुठ्ठ्यामागचं बघायचं नसतं."

"मला नियम शिकवतोस? काढ."

त्यानं हात काढला. फाशावर एक होता.

रंजनी पंख्याकडे बघायला लागली. वेंकटनं मान खाली घातली.

"तिघांचं ठरलेलं होतं म्हणायचं," बाई म्हणाल्या. "टाळ्यासुद्धा ठरवून वाजवल्या. शाबास."

"पाट्टी, आम्हाला राणी पायजे," वेंकट त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला. ती सगळी त्यानं याच चटईवर उचलली होती. "मी नाय मारत."

"मारत नाही? मग तलवार काय भाजी चिरायला घेतलीस?"

बाईंचा आवाज जरा उतरला.

"हे बघ. आज कीव आली तुम्हाला. चार रविवार फोन कराल. मग एकमेकांना विचाराल, आज पाट्टीला फोन करायची पाळी कुणाची? राणी आहे ती. तिला मेहरबानीवर जगवायचं नाही. तन्मय, सांग त्याला, नीट सांग."

तन्मयनं तमिळमध्ये सांगितलं. सांगता सांगता त्यानं पुठ्ठ्याचा आडोसा आडवा केला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"ऊठ," त्या वेंकटला म्हणाल्या. "आणि एका घावात. रेंगाळू नको."

वेंकट उठला. हातात काही नव्हतंच. नुसता हात वर करून त्यानं खाली आणला.

"मारली," तो म्हणाला.

बाईंनी डबी आडवी केली. जरा वेळ तिच्यावर बोट ठेवून बसल्या.

"गेली. आता त्या चकल्या, तुमचा तो मुरुक्कू, संपवा, नाहीतर मुंग्या लागतील. आणि वेंकट, तू रडतोस काय घोड्यासारखा वाढून? जिंकलास ना?"

बेल वाजली. दिनकर आला, घाईत होता. त्यानं बाईंची पिशवी उचलली, औषधांचा डबा काखेत मारला, आणि पोरांकडे बघून हसला.

"आई, चित्रानं तुझी खाट हॉलमध्ये लावलीय. टीव्हीसमोर. आता कसली दगदग करायची नाही. सारखं मधे मधे बोलायचं नाही. नुसतं पडून राहायचं. कळलं?"

तिघंही बाईंकडे बघायला लागले. एवढं लांबलचक बोलणं त्यांच्यासमोर आजवर कुणाला पुरं करता आलं नव्हतं. आता उत्तर येईल म्हणून वेंकट तर आधीच अर्धा हसला.

"बरं," विद्युलताबाई म्हणाल्या, आणि चप्पल शोधू लागल्या.

रंजनीनं वेंकटचा हात घट्ट धरला. राखेच्या किल्ल्यातसुद्धा तिनं तो कधी धरला नव्हता.