भाऊजी निघालेत

सर्व्हरचा पंखा घरघरला, दिवे लागले आणि स्क्रीनवर पुन्हा तीच ओळ आली: सुरू होण्यासाठी डिस्क सापडली नाही.

सुनेने कपाळाला हात लावला. सर्व्हरमधल्या, एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन्ही जुन्या हार्ड डिस्क कुरकुरायला लागल्या म्हणून तिनेच हौसेने नव्या आणल्या होत्या. आधी एक बदलली, तिच्यावर सगळी नक्कल होऊ दिली, मग दुसरी. काम कसं शिस्तीत केलं. आणि आज सकाळी मशीन बंद करून चालू केलं, तर ते उठायचं नाव घेईना. बाहेर लॅबच्या बाकांवर माणसं रिपोर्टसाठी ताटकळत होती.

"आई, माझ्याच्यानं नाही होणार हे," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता.

सासूबाई रक्ताच्या नळ्यांचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. लॅब त्यांची, तिथला शब्दही त्यांचाच. त्या ट्रे ठेवायला आत गेल्या. परत आल्या त्या एवढंच सांगायला:

"थोरल्याला बोलावलंय. निघालाय."

थोरले भाऊजी म्हणजे घरातले कॉम्प्युटरचे बृहस्पती. लॅबचा सर्व्हर आजवर तेच बघायचे. सुनेने तो भांडून स्वतःकडे घेतला, तेव्हा ते हसत म्हणाले होते, "घे बापडे. अडलीस की हाक मार." आता ते येणार, तिला खुर्चीवरून उठवणार आणि सर्व्हर पुन्हा काही तिच्या हाती लागणार नाही.

"येऊ देत," ती पुटपुटली आणि बाह्या सरसावून बसली.

केबल काढून पुन्हा बसवल्या. सेटिंग तपासलं. डिस्क दोन्ही दिसत होत्या, पण मशीन ढिम्म.

"चौकात पोचलाय," सासूबाई जाता जाता म्हणाल्या.

तिने पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि डिस्क उघडल्या. आत सगळे रिपोर्ट जागच्या जागी! म्हणजे नक्कल उत्तम झाली होती. मग घोडं अडतंय कुठे?

"गाडी लावतोय खाली."

आणि तिची ट्यूब पेटली. नक्कल झाली ती फक्त रिपोर्टांची आणि प्रोग्रॅमची. मशीनला जागं करणारा तो चिमुकला तुकडा जुन्या डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसलेला असतो. तो नकलेत येतच नाही. नव्या डिस्कवर वेगळा लिहावा लागतो. सामान सगळं नव्या घरात आलं होतं, दरवाजाच बसवायचा राहिला होता.

तिने तो दोन्ही डिस्कवर लिहिला. पेन ड्राइव्ह उपटला. बटण दाबलं.

पंखा घरघरला. स्क्रीन उजळली. पेशंटांची यादी भराभर उलगडत गेली आणि बाहेरचा प्रिंटर कागद ओकू लागला. ती खुर्चीवरून ताडकन उठली. जग जिंकल्यासारखं वाटत होतं तिला, आणि का वाटू नये?

"आई!" ती बाहेर येऊन ओरडली. बाकांवरची माणसं दचकली. "सांगा भाऊजींना, जिन्यातूनच परत जा म्हणावं!"

सासूबाईंनी पहिल्या रिपोर्टवर सही केली आणि शांतपणे पेनाला टोपण लावलं.

"अगं, त्याला कुठे बोलावलंय मी? पण तो येतोय म्हटल्याशिवाय तुझ्या अंगात येत नाही."