तळ कसला?

पॅटागोनियाच्या ओसाड किनाऱ्याचे नकाशे काढता काढता कॅप्टन ट्रेगियरचे केस पिकले. जेवणसुद्धा त्यानं एकट्यानंच घ्यायचं, असा जहाजाचा रिवाज. त्याचा हात कुणी हातात घेतल्याला वर्षं लोटली होती.

समुद्राची खोली मोजायला दोरीनं सोडायच्या शिशाच्या वजनाला बुडाशी चरबी फासत, म्हणजे तळाची वाळू चिकटून वर येई.

"तळ कसला रे, पास्को?"

म्हाताऱ्या खलाशानं वर ओढलेलं शिसं नुसतंच पुढे धरलं.

"दातखीळ बसली का?"

"तुम्हीच बघा, साहेब."

चरबीत अंगठ्याचा ठसा होता. त्यात तिरपा व्रण.

"फासताना तुझाच लागला असेल."

"मोजे आहेत हातात. या थंडीत काढतोय कोण!"

चरबी पुसून नवी फासली. बर्फगार पाण्यातून पुन्हा तोच ठसा आला.

ट्रेगियरनं आपला तसाच तिरपा व्रण असलेला अंगठा त्यावर टेकवला. नेमका बसला.

चरबी अजून उबदार होती.