रंग चढेल म्हणून

उन्हाळी भुईमूग उपटणं सुरू होतं. बारा वाजत आले होते. सारिका बांधावरून येताना दिसली आणि गुलाबरावाचे हात थांबले.

दोन दिवसांपूर्वीच त्याने लेकीला अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणलं होतं. कातडीच्या कॅन्सरमुळे डावा कान अर्धा कापावा लागला होता. पट्टीतून बाहेर आलेले केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्याही पांढऱ्या. ती जन्मली तीच अशी. देऊळघाटात तिला सगळे सूर्यमुखी म्हणत.

"काऊन आली तू?"

"घरी बसून काय करू?"

"डाक्टरनं उनात जाऊ नको म्हटलं ना."

"तुमीच तर आनत होते, बाबा."

ती रागाने बोलली नाही. किती ओळी राहिल्या ते विचारावं, तसं बोलली. मग खाली बसून झाडं झटकू लागली.

तो आणत होता, हे खरंच होतं. पोरीला ऊन दाखवा, रंग चढेल, असं चार माणसांनी सांगितलं होतं. त्याची बायको जनकाबाई लेकीच्या डोक्याला फडकं बांधायची आणि हा वावरात आल्यावर ते सोडून टाकायचा. संध्याकाळपर्यंत पोरीचे गाल लालबुंद व्हायचे, रात्री सालं निघायची. रंग धरून राह्यला, असं तो बायकोला सांगायचा. तेव्हा त्याला बरं वाटायचं.

शेजारच्या वावरातून मोतीराम पाणी प्यायला आला. सारिकाकडे बघून त्याने आवाज खाली केला.

"उनानं कुठं असं होते का बे? आपन काय सावलीत वाढलो?"

गुलाबरावाने आपले हात पाहिले. साठ वर्षं उन्हात होते. काळे, राठ, पण एक डाग नव्हता त्यांच्यावर. मोतीराम पाणी पिऊन निघून गेला.

गुलाबरावाने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि लेकीच्या डोक्यावर टाकला. पट्टीवरून तो घसरला. त्याने पुन्हा टाकला. पुन्हा घसरला. सारिकाने तो उचलून बाजूला ठेवला. तिचे हात चालूच होते.

मग तो तिच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. सूर्य नेमका डोक्यावर होता. त्याची सावली त्याच्याच पायांपुरती होती. तरी तो हलला नाही. त्याला काहीच वाटत नव्हतं. फक्त इथून जायचं नाही, एवढंच कळत होतं.

बऱ्याच वेळाने सारिकाने मान वर केली. उजेडाने तिचे डोळे मिटले.

"सरका ना, बाबा," ती म्हणाली. "शेंगा तुडवून राह्यले तुमी."