उताराचे खुंट

उना नदीच्या उतारावरचे, म्हणजे पायी नदी ओलांडायच्या जागेवरचे खुंट मिकुला नावाड्याने उपटले, ते क्रोएशियन सरदाराच्या हुकमावरून. दरवर्षी पूर ओसरला की तो स्वतः पाण्यात शिरायचा, काठीने तळ चाचपायचा आणि उथळ वाटेच्या दोन्ही अंगांना खुंट रोवायचा. त्यांच्या मधून चालणारा कधी बुडाला नव्हता.

"तुर्क लूट घेऊन इथूनच परततील. खुंट नसले की जातील डोहात," सरदार म्हणाला होता.

"आणि त्यांनी धरलेली आपली माणसं?"

सरदार घोडा वळवून निघून गेला होता.

दुपारी तुर्क आले. वाट दिसेना, तेव्हा त्यांनी एका दोराला बांधलेल्या कैदी बायका पाण्यात पुढे हाकलल्या. झाडीत दडलेला मिकुला ओरडणार, तोच सरदाराच्या शिपायाने त्याचं तोंड दाबलं. पहिली बाई डोहात गेली. दोराने मागच्या अकराजणींना ओढून नेलं. मग सरदाराचे घोडेस्वार तुर्कांवर तुटून पडले आणि तासाभरात त्यांनी लढाई जिंकली.

सरदार चिलखत सैल करत आला. "म्हाताऱ्या, खुंट रोव परत. त्यांची घोडी पोहून पलीकडे गेलीत, मोकाट फिरतायत. ती धरून आणायचीत."

मिकुलाच्या तोंडात अजून शिपायाच्या तळहाताचा खारट घाम होता. तो थुंकला. त्याने काठी उचलली आणि सरदारापुढे धरली.

"आधी कुणीतरी पाण्यात शिरून तळ बघावा लागतो, सरकार. चाळीस वर्षं मी शिरलो. आज बायका शिरल्या. आता तुम्ही व्हा पुढे."