भर दिवसाचा दिवा

"पडद्याला हात लावू नका, आई. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

सून पलंगावरूनच बोलली. चार दिवसांची बाळंतीण, उठणार कशी? सासू पडद्याचं टोक धरून उभी राहिली. बाहेर अकराचं ऊन रणरणत होतं आणि आत जाड पडदे ओढून डोक्यावर पिवळा दिवा जळत होता.

"उघडला कधी होता डोळा, लागायला?" सासू म्हणाली. "आणि तिला झोपायचंय तर दिवा कशाला?"

"मला दिसायला नको का?"

"दिसायला खिडकी आहे. फुकटची आहे."

मुलगा दारात येऊन उभा राहिला. दिवा त्यानेच आणलेला. "अगं आई, कमी विजेचा आहे तो. दिवसभर चालला तरी मुंगीएवढं खातो."

"मुंगी खाते म्हणूनच डब्याला झाकण लावतात."

कमी खातो म्हणून दिवा आणायचा, आणि कमी खातो म्हणून दिवसभर जाळायचा. असली अक्कल शिकल्यासवरल्यांनाच सुचते.

"तुम्हाला बिलाचंच पडलंय," सुनेचा आवाज चढला. "नात झालीय घरात, तिचं काही नाही. खोलीत आलात की आधी बटणाकडे हात. दोन दिवस बघतेय मी."

बोलणं वर्मी लागलं. खरं होतं, म्हणूनच लागलं. सासूने एका हाताने खटकन बटण दाबलं आणि दुसऱ्या हाताने पडदा सर्रकन बाजूला ओढला.

ऊन थेट पलंगावर आलं. सुनेने डोळ्यांवर हात घेतला.

"झालं समाधान? उठवलंत ना तिला..." आणि ती थांबली. बाळ उठलं नव्हतं. हललंसुद्धा नव्हतं.

सासू वाकली. मग आणखी वाकली.

"ही अशी कधीपासून आहे?"

"अशी म्हणजे कशी? गुणी आहे ती. कालपासून रडलीसुद्धा नाही."

"चार दिवसांचं पोर रडत नाही, त्याला गुणी म्हणत नाहीत."

सासूने बाळाच्या कपाळावर अंगठा दाबला आणि उचलला. दाबल्या जागी कातडी पिवळीधमक दिसली. तिने छातीवर दाबून पाहिलं, मग पोटावर. मग दुपटं सोडलं आणि पाय उन्हात धरला. तळवासुद्धा पिवळा.

"पिवळी झालीय पोर."

"ऊन पडलंय म्हणून तसं वाटत असेल," मुलगा म्हणाला. "दिव्यात तर बरी दिसत होती."

"दिव्यात तूही पिवळा, मीही पिवळी. सगळेच पिवळे म्हटल्यावर आजारी कोण ते कळणार कसं? हात ठेव इथे. तिच्या पायाशेजारी. ठेव म्हणते ना!"

त्याने हात ठेवला. खिडकीच्या उजेडात बापाचा हात आणि लेकीचा पाय शेजारी शेजारी दिसले. त्याने हात पटकन मागे घेतला, जणू त्याच्यामुळेच काही बिघडलं असतं.

तरी सून म्हणाली, "मला घाबरवताय तुम्ही. पडदा उघडा राहावा म्हणून."

मुलाने आईकडे पाहिलं. आता घरात वीज पडणार, असं त्याला वाटलं. पण सासूचा आवाज उलट खाली आला.

"बरं. ओढ पडदा. लाव दिवा. जन्मभर लाव, मी बटणाला बोट लावणार नाही. पण आधी हिला पाज. प्यायली तर मी हरले."

सुनेने बाळाला छातीशी घेतलं. गाल चोळला. तळव्याला टिचकी मारली. एकदा, मग जोरात. ओठ जरासे उघडले आणि तसेच राहिले. दुधाचा थेंब जिभेवर पडला आणि ओठांच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळला.

"पी ना गं," सून म्हणाली. "पी ना, बाळा. एवढं एकदा."

"शेवटचं कधी प्यायली?" सासूने विचारलं.

"पहाटे... थोडंसं. मला वाटलं, झोप आलीय तिला."

मुलाने खुंटीवरची गाडीची चावी ओढली. तिच्याबरोबर खुंटीही निघून आली. ती त्याने तिथेच टाकली.

दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत, निळ्या दिव्यांखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी बांधली. रक्ताचा कागद वाचून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा तिघंही उभी होती. बाळंतिणीला खुर्ची दिली होती, तीही तिने घेतली नव्हती.

"कावीळ खूप वर चढलीय. मेंदूपर्यंत गेली तर मग आमच्या हातात काही राहत नाही. संध्याकाळी पुन्हा रक्त बघू, त्याआधी मी काही सांगणार नाही." मग त्यांनी विचारलं, "पिवळी कधीपासून दिसतेय?"

"काल चांगली होती," सून म्हणाली. "काल बघितलं मी नीट."

"कुठल्या उजेडात?"

सुनेने मान खाली घातली. मुलगा भिंतीकडे बघू लागला.

"बरं, आज कोणाच्या लक्षात आलं?"

"आईंच्या," सून म्हणाली.

"रात्र गेली असती तर अवघड होतं, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नातीवर चांगली नजर आहे हो तुमची."

काचेआड ती एवढीशी छाती वरखाली होत होती. सासूने तिच्यावरून नजर काढली नाही.

"नातीला बघायला कोण गेलं होतं?" ती म्हणाली. "मी दिवा घालवायला गेले होते."