काका, ठेवू का?

"आज त्यांना काय ते सांगून टाका," बायको म्हणाली. जागेचे मालक संध्याकाळी येणार होते. पुस्तकांचं दुकान पुढे चालवायचं की जागा सोडायची, याचं उत्तर त्यांना हवं होतं.

"बघू," दुकानदार म्हणाला.

ती सकाळपासून विचारत होती आणि तो सकाळपासून बघत होता. बघण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. एकच गिऱ्हाईक येऊन गेलं होतं, तेही झेरॉक्स कुठे काढून मिळेल हे विचारायला. बायको फडकं घेऊन कपाटं पुसत होती. दुकान बंद करा म्हणून दोन वर्षं तीच कानीकपाळी ओरडत होती, आणि आता पुस्तकं अशी लावत होती, की जसं काही उद्या उद्घाटन आहे.

"काका, ठेवू का?" कुरिअरवाल्याने दारातून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पार्सलं काउंटरवर ठेवून, सही घेऊन तो गेलासुद्धा. गल्लीतले लोक दिवसा घरी नसत. दुकान दिवसभर उघडं, आणि दुकानदाराच्या तोंडून कधी 'नाही' निघत नसे. कधीतरी कुणाचं तरी एक पार्सल त्याने ठेवून घेतलं आणि तोच पायंडा पडला. आता सगळ्यांनी ऑनलाइन मागवलेलं सगळं इथेच येई. चपला येत, मिक्सरची भांडी येत. पुस्तकाचं पार्सल त्याला हातात घेतल्याबरोबर कळे. तेही तो ठेवून घेई.

आज सगळ्यात वरचं पार्सल पुस्तकाचं होतं. ते न्यायला डॉक्टरीणबाई जिना उतरून आल्या. त्यांचा दातांचा दवाखाना दुकानाच्या बरोबर वर होता.

"तुम्ही आहात म्हणून बरं आहे हो काका. माझे हात सदानकदा कुणाच्या तरी तोंडात. सह्या कधी करणार?" त्यांनी काउंटरवरचीच कात्री घेऊन पार्सल फोडलं. "हीच ना ती? तुम्ही सांगितलेली, भूकंपाची?"

हीच होती. गेल्या महिन्यात त्याने या कादंबरीबद्दल इतकं रंगून सांगितलं होतं, की बाई म्हणाल्या होत्या, "मागवाच." मग प्रकाशकाच्या मागे लागून त्याने एक प्रत मागवली होती. बाईंसाठी म्हणून ती खालच्या खणात ठेवलेली होती. बायको खणाकडे वळली. दुकानदाराने तिला मानेनेच 'नको' म्हटलं.

"मी तर विसरलेच होते," बाई म्हणाल्या. "परवा फोनवर आपली आपण समोर आली. दाबलं बटण. प्रत बरी आहे ना?"

त्याने पुस्तक उघडलं, चार पानं उलटली, पाठीवरून बोट फिरवलं. "बांधणी चांगली आहे," तो म्हणाला.

बायकोने फडकं जोरात झटकलं. त्याला मात्र राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. दात काढण्याआधी बाई हिरडीत इंजेक्शन देतात, तसं त्याचं झालं होतं. ओढताहेत एवढं कळत होतं, दुखत नव्हतं.

"आता पुढे काय वाचू?"

तो सांगायला लागला. सवयच ती. शेवटी सगळं गोड झालेलं बाईंना चालत नाही, प्रवासवर्णन हातात घेतलं की त्यांना झोप येते, हे त्याला पाठ होतं. एका नर्सच्या आठवणी सांगितल्या, खाणकामगाराच्या मुलीवरची एक कादंबरी सांगितली. सांगता सांगता त्याचा आवाज जरासा खुलला. बाईंचा अंगठा फोनवर चालला होता.

"झालं. दोन्ही मिळाली. पुढच्या महिन्यात येतील म्हणतंय. पत्ता टाकते इथलाच, नेहमीसारखा."

"समोरच्या मेडिकलचा टाका," दुकानदार म्हणाला. "त्याच्याशी बोलून ठेवलंय मी. तो ठेवून घेईल सगळ्यांची."

बायको कपाटाशी होती तिथेच थांबली. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला असं परस्पर मिळालं. हा हट्टाने 'नाही सोडणार' म्हणेल, मग आपण नेहमीसारखं भांडू, असंच ती धरून चालली होती. तिला एकदम रडू आलं. ती बाकावर बसली आणि फडक्याची घडी घालत राहिली.

"का हो? गावाला निघालात की काय?" बाईंनी विचारलं.

दुकानदाराने पार्सलाचा फाटलेला कागद गोळा करून टोपलीत टाकला.

"जा, जा. कधी नव्हे ते निघताय. पण फार दिवस बंद ठेवू नका हं," फोनवर मेडिकलचा पत्ता टाकत बाई म्हणाल्या. "तुम्ही नसलात की काय वाचावं तेच मला कळत नाही."